गोऱ्या फौजदाराला हुंकार

सोमवार, ३ मार्च

सुनेने ही डायरी दिली. म्हणाली, "आई, तुम्ही दिवसभर भिंतीशी बोलता, ते यात लिहीत जा." प्रियदर्शिनी लॅबमध्ये संशोधक आहे. दिवसभर उंदरांवर प्रयोग करते, उरलेला वेळ माझ्यावर. मी चौथी पास. तीसुद्धा मास्तरांकडे आमच्या शेळीचं दूध जायचं म्हणून.

लिहिण्यासारखं इथे घडतं काय? सिंगापुरातल्या या चोआ चू कांगला सगळ्या बिल्डिंगी सारख्या, नंबर बघून घरी यायचं. लेक धम्मानंद सकाळी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, हार्बरफ्रंटला जातो, जहाजाच्या कंपनीत. इतकी वर्षं झाली, एका जहाजावर पाय ठेवलेला नाही, पण कंपनी जहाजाची. नात दीक्षा कानात बोंडं खुपसून कॉलेजला जाते. ही पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून गोष्टी ऐकायची. आता काही सांगायला गेलं तर एक बोंड काढते, "व्हॉट, आजी?" म्हणते, आणि मी तोंड उघडायच्या आत परत घालते.

आज एवढंच. बोटं दुखली.

गुरुवार, ६ मार्च

बिल्डिंगीच्या पोटात खाली मोकळी जागा असते, तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथला एक दगडी बाक माझा आहे. सरकारने माझ्या नावावर केलेला नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. आज त्यावर एक गोरा म्हातारा बसलेला. उंच, वाळका, शर्टाला कडक इस्त्री आणि पायांत दोन वेगळे मोजे. फॅशन असेल. मला बघून उठला, छातीवर हात ठेवून वाकला. "गुड मॉर्निंग. आय ॲम डेस्मंड."

मी म्हटलं, "असशील. सरक."

मराठी येत नसून सरकला. म्हणजे माणूस बरा.

शुक्रवार, ७ मार्च

आज पुन्हा उठला, वाकला, गुड मॉर्निंग, आय ॲम डेस्मंड. अरे, कालच सांगितलंस की. इंग्रज रीतीला फार पक्के असं ऐकून होते, ते खरं निघालं. रोज नव्याने ओळख देतात. आमच्या भावकीतले लोक जन्मभर ओळख दाखवत नाहीत.

मी त्याला "जय भीम" म्हणायला शिकवलं. उच्चार बरा आहे. धम्मानंदच्या ऑफिसातल्या पोरांपेक्षा तर नक्कीच.

मंगळवार, ११ मार्च

आज कळलं, हा साधासुधा गोरा नाही. आम्ही बाकावर बसलो होतो, तर कोपऱ्यावरचा कोपीवाला अंकल (कॉफीला इथे कोपी म्हणतात) हातातलं भांडं तसंच ठेवून बाहेर आला आणि त्याला सलाम ठोकला. "इन्स्पेक्टर," म्हणाला, आणि डोळे भरून आले त्याचे. तो चिनी माणूस, कोपीत दूध घालतानासुद्धा हात आखडता घेतो. त्याच्या डोळ्यांत पाणी म्हणजे कमाल झाली.

संध्याकाळी दीक्षाने फोनमध्ये शोधून काढलं. डेस्मंड विलायतेत टीव्हीवरचा मोठा नट होता. बाप खाटीक. पोरगा पळून नाटकात गेला. सुरुवातीची वर्षं भाला धरून मागे उभा. मग टीव्हीवर फौजदार झाला. दर रविवारी एक खून पडायचा आणि हा खुनी शोधायचा. दहा-बारा वर्षं चाललं ते. इथे सिंगापूरलाही दाखवायचे म्हणे, अंकल लहानपणी शेजाऱ्यांच्या खिडकीतून बघायचा.

"मग?" मी विचारलं.

"मग त्याने मोअर मनी मागितला, सो दे किल्ड हिम, आजी."

"कोणाला?"

"इन्स्पेक्टरला. ब्रिजवरून ढकललं."

लोकांनी त्याच्या खऱ्या घरी फुलांची चक्रं पाठवली. बायको दारात उभी राहून चक्रं घेत होती आणि हा आत बसून टोस्ट खात होता. पुढे त्याला कोणी मोठं काम देईना. लोकांच्या मनात मेलेला माणूस, त्याला जिवंत कसा दाखवणार? मग दुसऱ्यांच्या सिरियलींत हा मढं व्हायचा. कोणाच्या विहिरीत, कोणाच्या कपाटात. शेवटी सूपच्या जाहिरातीत म्हातारा. बायको वारली, तेव्हा इथल्या लेकीने आणला.

मढं होऊन पडायचा पगार मिळतो हे मला आज कळलं. आमच्या ह्यांनी ते काम बिनपगारी जन्मभर केलं.

शुक्रवार, १४ मार्च

आजचा प्रकार लिहायला हवा, नाहीतर धम्मानंद त्याच्या पद्धतीने सगळीकडे सांगेल.

दीक्षा लवकर आली होती. मी तिच्याकरवी फौजदाराला विचारलं, कसा मेलास ते दाखव तरी. त्याचा चेहराच उजळला. उठला. खांबाला पुलाचा कठडा केलं. मागून कोणी ढकलल्यासारखा झोक खाल्ला, वर छताकडे बघत दोन वाक्यं बोलला, मग खांबाला धरून हळूहळू खाली आला, एक पाय लांब, डोळे उघडे. मी मरणं पुष्कळ पाहिली, पण इतकं सावकाश कोणी मेलं नाही. आमच्या लोकांना तेवढी सवड कुठली.

तिकडे व्यायाम करणाऱ्या चिनी बायका धावत आल्या. एकीने नाकाखाली तेल चोळलं, एकीने ॲम्ब्युलन्स बोलावली. फौजदार हलेना. दीक्षा घाबरून "अंकल, अंकल" करते आहे, तो तसाच. मला वाटलं, मेहनती नट आहे, अर्ध्यात उठणार नाही. मी वाकून त्याच्या कानात म्हटलं, "पुरे. मेलास. ऊठ आता." तेव्हा उठला. उठल्यावर इकडे तिकडे असा बघत होता जसं काही त्यालाच कोणी सांगावं, इथे काय चाललंय. ॲम्ब्युलन्सवाल्यांना वाकून ओळख दिली.

धम्मानंद म्हणाला, "आई, इथे असल्या गोष्टींना फाईन असतो." मी म्हटलं, "मरायला फाईन?" तो म्हणाला, "खोटं मरायला." तसा देश शिस्तीचा आहे.

बुधवार, १९ मार्च

फौजदाराची लेक हेलन घरी आली. शाळेत शिकवते. सातव्या मजल्यावर राहते, डोळ्यांखाली काळं. स्वयंपाकघरात प्रियदर्शिनीशी बराच वेळ इंग्रजीत कुजबुजली. सून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला काय ते सांगितलं नाही. विचारलं तर म्हणे, "वयामुळे थोडं विसरतात ते, आई."

विसरतात. नट आहे तो. पाठ करायचा कंटाळा, दुसरं काय. दीक्षाला सातचा पाढा यायचा नाही त्या दिवशी तिचंही पोट दुखायचं.

गोष्ट अशी. कोपीवाल्याची भाची टीव्हीच्या एका लहान कंपनीत डायरेक्टर आहे. अंकलने तिच्या कानी घातलं. तिच्या सिरियलमध्ये एक म्हातारा गोरा हवाच होता. पुलाउ उबीन बेटावर एकटा राहणारा. एकच प्रसंग, पण पानभर बोलायचं आहे, एका दमात, तुकडे न करता. डायरेक्टर पोरीला तसंच हवं. ते जमलं तर काम फौजदाराचं. नाही जमलं तर कंपनीने दुसरा एक गोरा हेरून ठेवलेला आहे.

हेलन म्हणाली, बायको गेल्यावर हा वर्षभर खोलीतून बाहेर आला नव्हता. टीव्हीवाल्यांचा फोन आला त्या दिवसापासून स्वतः दाढी करतो. बाकावर येऊन बसायला लागला तोही याच महिन्यात. हे काम गेलं तर, म्हणाली, आणि रडायलाच लागली. मला कोणाचं रडणं बघवत नाही. मी चहा टाकायला उठले. चहा करून आले तरी रडतच होती, मग पुन्हा आत जाऊन भजी तळली.

तिला दिवसभर शाळा. त्याच्याकडून पाठ करून घ्यायला माणूस हवं. मी म्हटलं, मी रिकामीच असते. इंग्रजी येत नाही एवढाच दोष. ते पान मला आपल्या अक्षरात लिहून द्या. शब्द त्याचे, अक्षर माझं.

दीक्षाचं मराठी अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. सुनेने बसून लिहिलं, मोठ्या टपोऱ्या अक्षरात. मी इथे आल्यापासूनच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी एका टेबलाशी बसून एक काम केलं. लिहायला बरी आहे ती.

शनिवार, २२ मार्च

पहिला दिवस. मी बोट ठेवून वाचते. आय केम हिअर फॉर अ वीक. द बोट वॉज टु कम बॅक फॉर मी ऑन संडे. परहॅप्स इट केम. परहॅप्स आय वॉज अस्लीप.

सुनेने अर्थ सांगितला. हा माणूस आठवडाभरासाठी बेटावर आला, रविवारी नाव न्यायला येणार होती, ती आली नाही, किंवा आली तेव्हा हा झोपला होता. मग राहूनच गेला. मी म्हटलं, "एवढ्या वर्षांत एक नाव मिळेना? तिथली बोट तर माणसं भरली की सुटते." प्रियदर्शिनी म्हणाली, "आई, ते तसं नसतं." सगळं शिकलेलं तसं नसतं.

फौजदार पहिलं वाक्य झकास म्हणाला आणि थांबला. माझ्याकडे बघत बसला. मी "हं" म्हटलं. तर त्याने दुसरं वाक्य म्हटलं. पुन्हा थांबला. हं. तिसरं.

हे काही मी ठरवून केलं नाही, सवय आहे. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. माझी आई जात्यावर बसून गोष्ट सांगायची. आम्ही पोरं अंधारात. हुंकार आला नाही की ती तिथेच मोडायची, राजा नदीत उभा तर उभा. म्हणायची, "झोपलेल्यांना गोष्ट सांगून माझं पीठ होत नाही." दुसऱ्या दिवशी रडून भेकून राजाला नदीतून काढावा लागे. तेव्हा माझा हं तोंडात तयार असतो. घरी त्याला आता गिऱ्हाईक नाही.

बुधवार, २ एप्रिल

अर्धं पान आलं. पण एका दिवशी येतं, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. असा नाटकी चेहरा करतो की जणू हा कागद जन्मात पाहिला नाही. मी म्हटलं, "माझ्यापुढे नट बनू नकोस." पुन्हा पहिल्यापासून. माझा हं आला की गाडी चालते. जास्त वेळ थांबला तर मी म्हणते, "पुढे बोल की, बाबा." आज तर फारच अडला, तेव्हा म्हटलं, "जाहिरातीतलं एवढं सूप फुकट प्यायलास काय?" तो खदखदून हसला. कळलं काही नाही, पण टोमणा टोमणाच असतो हे त्याला कळतं. घरातल्यांना कळत नाही.

दुपारी त्याला वर जेवायला आणलं. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहिला, सूट बघितला, चष्मा बघितला, दीक्षाला विचारलं, हे वकील का? मी म्हटलं, "सांग त्याला, वकील तर आहेतच. आणि म्हणावं टाय सरळ कर स्वतःचा." त्याने केला.

सोमवार, १४ एप्रिल

जयंतीचा कार्यक्रम आपल्या लोकांनी कालच रविवारी हॉलमध्ये केला. हेलन आणि फौजदारालाही नेलं. वंदनेला हात जोडून बसला, भाषणांत डुलक्या काढल्या. तोवर आपल्यातलाच एक. जेवणाच्या वेळी मंडळाचे शिवदास पंगतीत दुसऱ्यांदा गुलाबजाम घ्यायला गेले, तर फौजदार उठला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खड्या आवाजात इंग्रजीत काहीतरी लांबलचक सुनावलं. दीक्षा म्हणाली, तो त्यांना अटक करतोय. खुनासाठी.

शिवदास मोठे इंजिनियर, पण चेहरा पडला. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. फौजदार मात्र टाळ्यांना हसला नाही, त्यांचा दंड सोडेना. हेलनने येऊन बोटं एकेक करून सोडवली.

नटांना थोडं कौतुक झालं की आवरत नाही. मी तसं हेलनला सांगितलंही. ती म्हणाली, "येस, आजी," आणि तोंड फिरवलं.

गुरुवार, २४ एप्रिल

आज शूटिंग. आता घरी आले आहे, पाय गरम पाण्यात आहेत, सगळं एकदाच लिहिते.

चांगीहून बोटीने पुलाउ उबीनला गेलो. मी, दीक्षा, हेलन, फौजदार, आणि सायकली घेऊन चाललेली रिकामटेकडी माणसं. फौजदार बोटीत छान होता. सगळ्यांना वाकून ओळख दिली, बोटवाल्याला दोनदा. बेटावर जुनं लाकडी घर, पत्र्याचं छप्पर, पुढे ओटा. ओट्यावर त्याची खुर्ची. चेहऱ्याला मळ फासून त्याला गरीब केलं. माझ्याकडे बघून ती रंगवणारी बाई म्हणाली, हिला काही लागणार नाही. मी शूटिंगमध्ये नव्हतेच, म्हणून सोडून दिलं.

झाडाखाली तो दुसरा गोरा बसला होता. हॅट घालून, हातात शहाळं. ओठ हलत होते. पान तोंडपाठ.

आवाज धरणारी बाई आमच्याजवळ आली आणि तोंडावर बोट ठेवून डोळे वटारून गेली. दीक्षा म्हणाली, "आजी, नो साउंड, ओके? कॅनॉट टॉक, कॅनॉट कफ." जन्मात पहिल्यांदा मी कोणाचं ऐकलं आणि तिथेच घात झाला.

"आय केम हिअर फॉर अ वीक," फौजदार म्हणाला. आवाज असा की पानांची सळसळ थांबली. आणि गप्प. इकडे बघतो, तिकडे बघतो. कट. पुन्हा. आय केम हिअर फॉर अ वीक. गप्प. कट. एकदा तर मागून रानडुक्कर पिल्लं घेऊन निवांत निघून गेलं. त्याचं काम चांगलं झालं, म्हणतात. पुन्हा तेच पहिलं वाक्य. आठवडाभरासाठी आलो, आठवडाभरासाठी आलो. मला वाटलं, हा इथेच मुक्काम ठोकतो.

हेलन पाठ करून समुद्राकडे बघत होती. डायरेक्टर पोरगी त्याच्यासमोर उकिडवी बसून हळूहळू बोलली. चांगली पोर आहे. मग उठून ती झाडाकडे गेली. दुसऱ्या गोऱ्याने शहाळं खाली ठेवलं, हॅट काढली, केसांवरून हात फिरवला.

फौजदार अंगणापलीकडून सरळ माझ्याकडे बघत होता. पाणी हवं असेल म्हणून मी बाटली घेऊन गेले. तो खुर्चीतून उठला, छातीवर हात ठेवला, वाकला. "गुड मॉर्निंग. आय ॲम डेस्मंड."

माझं डोकं फिरलं. महिनाभर मला बाकावर बसवलं, माझे गुडघे गेले, घसा गेला, आणि इथे सगळ्या लोकांपुढे ही थेरं. मी म्हटलं, "हं. कळलं. पुढे बोल की, बाबा."

तो खाली बसला. "द बोट वॉज टु कम बॅक फॉर मी ऑन संडे," म्हणाला.

मी म्हटलं, "हं."

"परहॅप्स इट केम."

"हं."

"परहॅप्स आय वॉज अस्लीप."

तसं करत पान संपेपर्यंत गेलो. कॅमेरा चालू नव्हता. माणसं जिथे होती तिथे उभी. कोणाच्या हातात वायर, कोणाच्या हातात डबा. शेवटचं वाक्य झालं, आफ्टर अ व्हाइल यू स्टॉप लुकिंग ॲट द वॉटर, तेव्हा डायरेक्टर पोरगी माझ्यापाशी येऊन इंग्रजीत भराभर बोलू लागली. तिकडे दुसऱ्या गोऱ्याने हॅट पुन्हा डोक्यावर घातली आणि शहाळं उचललं.

थोडक्यात, मला सिरियलमध्ये घेतलं.

त्यांना मी बाटिकचा सारोंग, म्हणजे इथली नक्षीची लुंगी, नेसायला हवी होती. मी म्हटलं, मी माझ्या लुगड्यातच बसेन, नाहीतर त्या हॅटवाल्याला नेसवा. बसवलं ओट्यावर, खाली, त्याच्या पायांशी. मी म्हटलं, पायांशी बसत नाही. आमच्यात ते बंद झालं. मग दुसरी खुर्ची आली. मांडीवर सूप दिलं, त्यात तांदूळ. निवडायचे. पिशवीतला पॉलिशचा तांदूळ, खडा औषधाला नाही. तरी निवडले. नटी म्हणून तेवढं करावं लागतं.

डायरेक्टर पोरगी म्हणाली, हं जरा हळू. मी दीक्षाला म्हटलं, तिला सांग, हं हा हं असतो, त्यात बटण नसतं.

पहिल्याच खेपेला सगळं पान गेलं. एका दमात. मध्ये एका ठिकाणी फौजदार थांबला, मी हं म्हणणार तेवढ्यात त्यानेच समुद्राकडे बघत स्वच्छ म्हटलं, "पुढे बोल की, बाबा." आणि पुढे बोलला. त्याला वाटलं, तेही पानातलंच आहे. मी तांदळात तोंड घातलं, नाहीतर हसले असते.

कट झाल्यावर डायरेक्टर पोरीने विचारलं, ते काय होतं, तमिळ? दीक्षा म्हणाली, "मराठी, लाह." इथल्या लोकांच्या वाक्याला हे शेपूट असतंच. पोरीने थोडा विचार केला आणि म्हणाली, ठेवू या.

येताना बोटीत मी दीक्षाला विचारलं, त्या गोष्टीत मी त्याची कोण? ती म्हणाली, "आय थिंक वाइफ, आजी." मी म्हटलं, "पुन्हा बोल, म्हणजे पाण्यात ढकलते." ती इतकी हसली की कानातलं एक बोंड समुद्रात पडलं. गेलं ते बरं झालं.

हेलनने माझा हात धरून ठेवला होता, चांगीचा धक्का येईपर्यंत. घामट हात. सोडवला नाही, कुठे भांडत बसा.

शुक्रवार, २५ एप्रिल

गुडघे गेले. फौजदार खाली आला नाही. हेलन म्हणाली, झोपलाय, खूप दमलाय, पण दाढी केली सकाळी.

रविवार, ७ सप्टेंबर

मध्ये लिहिलं नाही. घडलं काही नाही. एक दंतवैद्य झाला, एक धम्मानंदचं प्रमोशन, दोन्हींत मलाच त्रास.

आज ती सिरियल लागली. सगळे आमच्याकडे जमलो. फौजदार सोफ्याच्या मधोमध, एका बाजूला हेलन, एका बाजूला मी. त्याचे हात आता स्थिर राहत नाहीत, मांडीवरची काल्पनिक धूळ झटकत असतात. मी त्याच्या मांडीवर तांदूळ घातलेलं सूप ठेवलं. निवडत बसला. आता त्यात निवडण्यासारखं काही नाही हे त्याला कोणी सांगू नये म्हणून मी थोडी डाळ मिसळून दिली.

टीव्हीवर मी आले. म्हणजे माझा अर्धा खांदा, हात आणि तांदूळ. तोंड कापलं. एवढ्या मोठ्या दुनियेत कापायला माझंच तोंड सापडलं, हे धम्मानंदला फार पटलं. पण हं होता. प्रत्येक हं जागच्या जागी. फौजदाराच्या बोलण्यापेक्षा मला तर तोच जास्त ऐकू आला.

आणि तो. काय सांगू. खोटं कशाला लिहा, इथे कोण वाचतंय. तो समुद्राकडे बघून बोलला आणि मलाही एकदम वाटलं की ती नाव खरंच येऊन गेली असेल.

फौजदार निवडायचं थांबला होता. पुढे वाकून बघत होता. संपल्यावर हळूच म्हणाला, "ही इज रादर गुड, दॅट चॅप. हू इज ही?"

 हेलन उठून स्वयंपाकघरात गेली, सून तिच्यामागे. दीक्षा म्हणाली, "आजी, तो विचारतोय, हा चांगला आहे, हा कोण आहे."

स्वतःचं कौतुक, तेही लोकांच्या तोंडून वदवून घ्यायचं. नट तो नट. मी म्हटलं, "सांग त्याला. फौजदार आहे. फार मोठा होता."

दीक्षाने सांगितलं. त्याने मान हलवली, समाधान झालेल्या माणसासारखी, आणि पुन्हा डाळ-तांदूळ वेगळे करायला लागला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सकाळी खाली गेले तर फौजदार बाकावर होता. दोन वेगळे मोजे, दाढी अर्धी. हेलनने आता एक बाई ठेवली आहे, ती लांब उभी राहून फोनवर बोलत होती. उठला, वाकला, ओळख दिली. बसलो.

पाठ करायला आता काही नाही. सुनेने लिहिलेला तो कागद घड्यांवर फाटला, तोही मी कधीचा डब्याखाली घातला. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. पहिलं वाक्य त्याला विचारून पाहिलं. आय केम हिअर, म्हटलं मी. त्याने मोठ्या आदराने ऐकून घेतलं, पाहुण्याची कहाणी ऐकावी तसं.

मग उगाच बसून काय करायचं, म्हणून मी आईची एक गोष्ट काढली. आंधळ्या गाढवाने बाजार केला ती. मराठीतच, दुसरं काय येतं मला? म्हटलं, एक होतं गाव, गावाला नव्हती वेस, आणि श्वास घ्यायला थांबले.

"हं," फौजदार म्हणाला.

चुकून म्हटला असेल. मी पुढचं वाक्य टाकलं. हं. त्याला एक शब्द कळत नाही, गाढव कळत नाही, बाजार कळत नाही. पण हुंकार कुठे चुकेना. मी मुद्दाम मध्येच थांबून पाहिलं, गाढव ओढ्यात उभं करून. तो थोडा वेळ वाट बघत राहिला आणि मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "पुढे बोल की, बाबा."

मला बाबा म्हणतो. अक्कल नाही.

दीक्षा कॉलेजला निघाली होती. खांबापाशी थांबली. एका कानातलं बोंड काढून हातात धरलं होतं, दुसऱ्यातलं समुद्रातच आहे. "हरी अप, आजी, माय बस," म्हणाली, पण गेली नाही. बस गेली तिची.

गाढव ओढ्यातून काढलं, बाजार पुरा केला, गोष्ट संपवली.  फौजदार उठला, छातीवर हात ठेवला, वाकला.

"गुड मॉर्निंग. आय ॲम डेस्मंड."

मी म्हटलं, "माहीत आहे. बस. दुसरी सांगते."